आत्याआजीचं प्रकरण

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तिची एकतीस वर्षं गेली होती. दुकानात शिरायचं, तराजू रिकामा असताना काटा शून्यावर येतो का ते बघायचं, मग पिशवीतली आपली पितळी वजनं एकेक करून ठेवायची. दुकानदार म्हणायचा, "बाई, आमचा काटा वडिलांच्या वेळेपासून बरोबर आहे." ती म्हणायची, "मग तपासायला काय हरकत?" घरातही तिचा हाच खाक्या. त्यामुळे लहानथोर सगळे तिला मापाताई म्हणत. कौतुकानं कमी, वैतागून जास्त.

तर या मापाताईला एका रविवारी थोरल्या काकांनी बोलावून घेतलं. काका शाळेचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. वय ब्याऐंशी, पण पाठ अजूनही प्रार्थनेला उभं राहिल्यासारखी ताठ. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना हेडसर म्हणत.

"घराण्याचा इतिहास छापायचाय," काका म्हणाले. "मी हिंडताफिरता आहे तोवर हातावेगळं झालं पाहिजे. मजकूर तू लिही. छपाईचं शाई बघेल."

शाई म्हणजे तिचा धाकटा चुलतभाऊ. त्याचा छापखाना होता आणि त्याची नखं कधीच स्वच्छ नसत.

"लिहीन," मापाताई म्हणाली. "पण अट एकच. ज्याला आधार मिळेल तेच लिहीन, आणि आधार मिळाला तर ते लिहिणारच."

काकांना ही अट फार आवडली. "शाब्बास! आपल्या घराला आधाराची कसली भीती?"

घराण्याचा मानबिंदू म्हणजे आजोबा, काकांचे वडील. ते धरणावर अधिकारी होते. पासष्ट वर्षांपूर्वी नदीला महापूर आला तेव्हा खालच्या वस्तीतली एकतीस माणसं गेली. पण आजोबांनी वेळेवर धरणाची दारं उघडली, गावाला सावध केलं, म्हणून शेकडो वाचली, असं घरात सांगत. आणि ती एकतीस का गेली? तर आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे मापाताईची आत्याआजी, टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होती. पाणी येतंय म्हटल्यावर ती बोर्ड तसाच टाकून पळाली. तिच्याबद्दल एवढंच बोलायचे, तेही आवाज खाली आणून. वंशावळीत तर ती नव्हतीच. आजोबा एकुलते एक, असंच काकांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं.

मापाताईनं आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठलं. वही काढायची, तारीख घालायची, सांगणाऱ्याचं वय लिहायचं आणि विचारायचं. सतरा जणांनी पुराची गोष्ट सांगितली. सतराही जणांनी ती एकाच शब्दांत सांगितली, "बोर्ड तसाच टाकून पळाली" हे वाक्यसुद्धा. सतरा दुकानांत काटा एकाच बाजूला कलला असता, तर मापाताईनं आधी तो काटा कुणी विकला याची चौकशी केली असती. इथेही तिनं तेच केलं. प्रत्येकाला विचारलं, "तुम्हाला हे कुणी सांगितलं?" सगळ्यांची बोटं शेवटी एकाच माणसाकडे गेली, आजोबांकडे. म्हणजे सतरा साक्षी म्हणून ज्या दिसत होत्या, ती एकच साक्ष होती.

मग ती सुट्ट्या टाकून दप्तरखान्यात जाऊन बसू लागली. तिथे एका टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई बसत. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुराच्या चौकशीची फाइल? ती पन्नास वर्षांत कुणी मागितली नाही. झुरळांनी ठेवली असेल तर बघते." झुरळांनी ठेवली होती. लाल फितीत बांधलेले चार जाडजूड गठ्ठे.

तिसऱ्या गठ्ठ्यात 'पुरावा क्रमांक नऊ' अशी चिठ्ठी लावलेलं एक लांबोडकं रजिस्टर होतं. टेलिफोन केंद्राचं. त्या दिवसाचं पान पेन्सिलीनं लिहिलेलं, बारीक, सरळ अक्षरात.

दुपारी एक वीसला वरच्या चौकीवरून निरोप आला होता की नदी झपाट्यानं चढतेय. त्याच मिनिटाची पुढची नोंद: धरण ऑफिस, उत्तर नाही. एक सव्वीस: धरण ऑफिस, उत्तर नाही. एक चौतीस, एक एक्केचाळीस, एक पन्नास, पुन्हा तेच. रजिस्टरच्या पहिल्या पानावर नियम छापलेले होते. त्यातला अकरावा असा, की धरण ऑफिसचा हुकूम असल्याशिवाय ऑपरेटरनं पुराची सूचना कुणालाही द्यायची नाही. दिली तर नोकरी जाईल.

आणि पुढची नोंद होती: एक बावन्न, सूतगिरणी. पाणी येतंय, सगळ्यांना टेकडीवर न्या. ऐकलं.

मग शाळा. मग दवाखाना. लाकडाची वखार, पोलीस चौकी, धान्याचं कोठार, पुन्हा शाळा. खालच्या वस्तीत ज्या ज्या घरी, दुकानी फोन होता तिथे तिथे. मधूनमधून धरण ऑफिस, उत्तर नाही. तीन एकतीसला लिहिलं होतं, 'फरशीवर पाणी'. त्यानंतर अकरा नोंदी होत्या. शेवटची: 'गुडघ्यापर्यंत. लाइन गेली.' वेळ चार वाजून दोन मिनिटं.

मापाताईनं सगळ्या नोंदी पुन्हा एकदा वाचल्या. मग उठली, बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं, परत आली आणि चौथा गठ्ठा सोडला. एका काट्यावर विसंबायची तिला सवय नव्हती.

चौथ्या गठ्ठ्यात साक्षी होत्या. सूतगिरणीच्या मुकादमानं सांगितलं होतं की फोनवर बाईचा आवाज होता, म्हणून आधी त्यानं चेष्टा समजली. ती ओरडली तेव्हा कुठे त्यानं भोंगा वाजवला. शाळेच्या शिपायानंही तसंच सांगितलं होतं. ऑपरेटर चार दिवस कुणाला सापडली नव्हती, कारण केंद्राच्या छपरावरून नावाड्यांनी तिला उचललं आणि समोरच्या काठावरच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. मधल्या काळात तिसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रानं 'ऑपरेटर पळाली' असं छापूनही टाकलं होतं, धरणावरच्या अधिकाऱ्याचा हवाला देऊन.

आणि मग आजोबांची साक्ष. खाली त्यांची सही.

प्रश्न: दुपारी एक वीस ते चारपर्यंत आपण टेलिफोनजवळ होतात?
उत्तर: नव्हतो.
प्रश्न: कुठे होतात?
उत्तर: सांगू इच्छित नाही.
प्रश्न: ऑपरेटर पळून गेली असं आपण वार्ताहराला सांगितलंत. कशावरून?
उत्तर: तसा माझा समज झाला होता.
प्रश्न: आता काय समज आहे?
उत्तर: ती जागेवर होती.

म्हणजे आजोबांनी कबूल केलं होतं. चार परक्या माणसांसमोर, सहीनिशी. आणि घरी येऊन पुढची चाळीस वर्षं मुलासुनांना, नातवंडांना उलटंच सांगितलं. लहानपणी याच आजोबांच्या मांडीवर बसून मापाताईनं ही गोष्ट ऐकली होती. "पळपुटी" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या.

चौकशी समितीनं ऑपरेटरला निर्दोष ठरवलं, पण दोन वर्षांनी. तोवर नियम अकरा मोडला म्हणून तिची नोकरी गेली होती.

आत्याआजी आता हयात नव्हती, पण तिच्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण होती. पंच्याऐंशी वर्षांची, कानानं ठणठणीत, जिभेनं त्याहून. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायची. मापाताई कोण हे कळल्यावर तिनं आधी दार लावून घ्यायला सुरुवात केली, मग अर्ध्यावर थांबली.

"पासष्ट वर्षांनी आठवण झाली तुमच्या घराला?"

"घराला अजून झालेली नाही," मापाताई म्हणाली. "मला झालीय."

मैत्रिणीनं आत घेतलं. आत्याआजी पुढे दुसऱ्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोनच्या बोर्डावर अठ्ठावीस वर्षं होती. लग्न केलं नाही. मोठ्यानं हसायची. पोहायला शिकली, पुरानंतर, चाळिशीला आल्यावर. घरच्यांचं नाव काढायची नाही.

"आणि तुझा आजोबा त्या दुपारी कुठे होता माहितीय? दोस्तांबरोबर पत्ते कुटत बसला होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"अगं, सगळ्या गावाला माहीत होतं."

"तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "नाही."

मापाताईनं वहीत लिहिलेलं वाक्य खोडलं. पत्ते म्हणजे कसं अगदी चपखल बसलं असतं! आजोबांचा तिला इतका राग आला होता, की ते लिहून मोकळं व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं. पण ऐकीव गोष्टीवरच तर आत्याआजी पासष्ट वर्षं बदनाम होती. तेच माप आजोबांना लावलं नाही, तर मग आपल्यात आणि त्या सतरा जणांत फरक काय? तिनं लिहिलं, 'त्या वेळी ते कुठे होते हे कळत नाही.'

निघताना मैत्रिणीनं कपाटातून एक कापडी पिशवी काढली. आत आत्याआजीचा चष्मा, हॉस्पिटलचं ओळखपत्र, समितीच्या निकालाची प्रत आणि रजिस्टर्ड पत्राची एक पोचपावती. "निकाल लागल्याबरोबर तिनं दुसरी प्रत भावाच्या पत्त्यावर पाठवली होती. पोचली. ही बघ सही. पण उत्तर काही आलं नाही."

मापाताईनं सही पाहिली आणि पावती उजेडात धरली. ती आजोबांची नव्हती. तिच्या स्वतःच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर, भावंडांच्या दाखल्यांवर तिनं ती शेकडो वेळा पाहिली होती. काकांची सही. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकांकडे गेली. आधी लिहिलेलं प्रकरण दिलं. काकांनी ते वाचलं. वाचताना एके ठिकाणी सवयीनं वेलांटीसुद्धा सुधारली. मग कागद टेबलावर उलटे ठेवले.

"हे छापायचं नाही."

"आधार आहे, काका."

"असू दे. घराण्याचा इतिहास लिहायला सांगितला होता, घराण्याची धिंड काढायला नव्हे."

मग तिनं पोचपावतीची प्रत पुढे सरकवली. काकांनी ती उचलली नाही. नुसती बघितली. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती चार वेळा घरघरून बंद पडली.

"मी फक्त सही केली," काका म्हणाले. "पाकीट बाबांना दिलं. त्यांनी ते फोडलं, वाचलं, आणि माझ्यादेखत फाडून टाकलं. मला म्हणाले, पत्र कुणाचंच नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"तुझे आजोबा होते ते. त्यांना कुणी विचारायचं?"

"हे लिहू? तुमच्या शब्दांत?"

"खबरदार!" काकांचा हात टेबलावर आपटला. "एक अक्षर लिहिलंस तर या घराची पायरी चढू नकोस."

"तुमचं म्हणणं नाही लिहिणार. तुमचा शब्द तुमचा आहे," मापाताई उठत म्हणाली. "पण निकाल घरात पोचला होता, हे लिहीन. त्याला सही आहे."

काकांनी काम तिच्याकडून काढून घेतलं. शाईनं ते प्रकरण वगळून पुस्तक छापलं. त्यानं फोन करून सांगितलं तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. "ताई, मी काय करू? हेडसरांपुढे माझी बोबडी वळते." ती म्हणाली, "तू तुझं कर. मी माझं करते." कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिनं स्वतःच्या प्रकरणाच्या साठ प्रती काढल्या, रजिस्टरच्या पानाच्या आणि साक्षीच्या नकला जोडल्या. प्रत्येक विधानाखाली फाइलचा नंबर, गठ्ठा, पान. घरी बसून एकेक टाचली. अंगठ्याला फोड आला.

प्रकाशनाला भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये सगळं गोत जमलं होतं. काका माइकसमोर उभे राहून आजोबांनी धरणाची दारं कशी उघडली ते सांगत होते. 'एकुलते एक' हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला, आणि मापाताई उठली. पिशवीतून प्रती काढून पहिल्या रांगेपासून वाटायला लागली. आधी लोकांना वाटलं कार्यक्रमपत्रिका आहे. मग पहिल्या रांगेतली कुजबुज दुसऱ्या रांगेत गेली.

"मापे, खाली बस!" माइकमधून आवाज आला, सगळ्या शाळेला गप्प करणारा.

छप्पन्न-सत्तावन्न वर्षांची ती बाई क्षणभर तिसरीतली मुलगी झाली. पण बसली नाही.

"काका, आत्याआजी पाणी गुडघ्याला लागलं तरी खुर्चीवरून उठली नाही. मीही आज बसणार नाही."

धाकटी काकू कळवळून म्हणाली, "अगं, मेलेल्या माणसाची अब्रू अशी चव्हाट्यावर आणू नये."

"मेलेली दोघं आहेत, काकू. अब्रू एकाचीच का सांभाळायची?" तिनं तिच्याही हातात प्रत ठेवली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. खाली नंबर दिलेत. जा, फाइल मागा, स्वतः बघा. माझं काही चुकलं असेल तर मी याच हॉलमध्ये येऊन माफी मागेन."

एका पुतण्यानं तिच्या तोंडासमोर कागद फाडले. तिनं त्याला दुसरी प्रत दिली. त्यानं तीही फाडली. तिनं तिसरी दिली. "साठ आणल्यात," ती म्हणाली. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या पुतण्याला तिसरी प्रत हातात धरून बसावं लागलं.

संध्याकाळपर्यंत तिला कुटुंबाच्या फोनवरच्या ग्रुपमधून काढलं होतं. फोन बंद झाले. समोरून येणारी चुलतबहीण रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. मापाताईला त्रास झाला नाही असं नाही. जेवताना घास फिरायचा. पण एकदाही तिला आपण ते केलं नसतं तर बरं, असं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी दप्तरखान्यातल्या बाईंचा फोन आला. "अहो, त्या फाइलला काय सोनं लागलंय का? पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता या महिन्यात सात जण येऊन गेले. सगळे तुमच्याच आडनावाचे. एक म्हातारे तर काठी टेकत आले. दोन दिवस बसले, झेरॉक्स नको म्हणाले. सगळं हातानं उतरवून घेतलं."

त्या फोननंतर चौथ्या दिवशी ते म्हातारे, म्हणजे काका, मापाताईच्या दारात उभे होते. जिना चढून दम लागला होता, पण खुर्ची दिली तरी बसले नाहीत. खिशातून दोन पानं काढून टेबलावर ठेवली. पाकीट कसं आलं, सही कशी केली, वडिलांनी काय केलं, आपण का विचारलं नाही, सगळं लिहिलेलं. वडिलांच्या बाजूनंही लिहिलं होतं: एकतीस मरणं डोक्यावर घेऊन माणूस जगू शकत नाही, म्हणून त्यानं ती दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवली, हे चूक होतं, पण तो दुष्ट नव्हता. खाली तारीख आणि तीच सही.

"दुसऱ्या आवृत्तीत घाल. शाईला सांगितलंय. तुझं प्रकरण आणि त्यानंतर हे. एक अक्षर बदलायचं नाही."

"नाही बदलणार. पण खाली टीप लागेल."

"कसली टीप?"

"पाकीट फाडल्याचं फक्त तुम्ही सांगताय. याला दुसरा आधार मिळालेला नाही, अशी."

काकांचा चेहरा लाल झाला. "माझ्या शब्दाला आधार लागतो?"

"सगळ्यांच्याच शब्दाला लागतो, काका."

"तुझ्या बापालाही मी शिकवलंय, मापे!"

"माहितीये. तरी टीप लागेल."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कुणीच नजर खाली घेईना. शेवटी काकांनीच खुर्ची ओढली आणि धपकन बसले. पाणी मागितलं, प्यायले, मिशी पुसली.

"वंशावळीत तिचं नाव कुठे टाकणार आहेस?"

"आजोबांच्या शेजारी. त्याच ओळीत, त्याच अक्षरात."

"हं." काकांनी रिकामा पेला बाजूला सारला. "आत्या मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायची. मी सहा-सात वर्षांचा असेन. उतारावर दोन्ही हात सोडायची आणि ओरडायची, घाबरलास तर उतर! उतरणार कसा? सायकल धावत असायची." त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "याला मात्र कुणी साक्षीदार नाही हं. ती नाही, सायकल नाही. लिहिशील?"

मापाताईनं वही उघडली, वर तारीख घातली, सांगणाऱ्याचं वय लिहिलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी लिहिते. खाली तुमचं नाव टाकते."